धाव, कुदळ आणि बाग
सामूहिक व्यायाम व श्रमदान यांच्या संयोगाचा एक प्रयोग

व्यायामशाळेत मनुष्य वीस किलो वजनाचा लोखंडी गोळा खांद्यापर्यंत उचलतो आणि पुन्हा जेथल्या तेथे ठेवून देतो. तासभर ही क्रिया चालली तरी तासाच्या अखेरीस गोळा मूळच्याच जागी असतो. उचलणाऱ्याच्या शरीराला लाभ होतो हे खरे, आणि तो लाभ सामान्य नव्हे; परंतु त्याच्या स्नायूंतून जी शक्ती खर्च झाली तिचे बाहेरच्या जगात काहीच चिन्ह राहत नाही. त्याच व्यायामशाळेपासून हाकेच्या अंतरावर एखादी सार्वजनिक बाग असावी, तेथे खताचा ढीग उचलण्यावाचून पडून असावा, वाफ्यांत तण माजलेले असावे आणि बाग सांभाळणारी चार वृद्ध माणसे हातांची वाट पाहत असावीत, असे दृश्य जगातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळते. एका बाजूस शक्ती आहे, पण तिला काम नाही. दुसऱ्या बाजूस काम आहे, पण त्याला शक्ती नाही. या दोहोंची गाठ घालून देता येईल काय, या प्रश्नाला इंग्लंडमधील काही मंडळींनी गेल्या तीस वर्षांत जे उत्तर दिले त्याची माहिती या पुस्तिकेत दिली आहे. त्यामागील शरीरशास्त्र कोणते, मृदाशास्त्र कोणते, आणि आपल्या देशात त्यातून काय घेण्याजोगे आहे, याचाही विचार येथे क्रमाने केला आहे.

बसचालक आणि वाहक

श्रमाचा आणि आरोग्याचा संबंध माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि मोजून सिद्ध करणे वेगळे. हे मोजमाप प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते जेरी मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे एकत्र काम करीत. चालक दिवसभर आपल्या आसनावर बसून असे. वाहक तिकिटे देत वरच्या मजल्यावर चढे व खाली उतरे. एका पाळीत तो शेकडो पायऱ्या चढत असे. दोघांचा पगार, राहणी व वस्ती यांत फारसा फरक नव्हता. मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३१,००० परिवहन कर्मचाऱ्यांच्या आजारांची नोंद तपासली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयरोगाचे प्रमाण कमी होते, आणि ज्यांना तो झाला त्यांच्यातही तो उशिरा व सौम्य स्वरूपात झाला होता. टपाल खात्यातही तसेच दिसून आले. घरोघर पत्रे पोहोचविणारे पोस्टमन मेजाशी बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा अधिक निरोगी होते.

या अभ्यासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाहक व्यायाम करीत नव्हता. तो आपले काम करीत होता. पायऱ्या चढण्याचा त्याला कधी कंटाळा आला असेलही, परंतु वरच्या मजल्यावर उतारू बसलेले असल्यामुळे त्याला चढणे भागच होते. पुढे यंत्रे वाढली, कामे बैठी झाली आणि कामातील श्रम नाहीसे झाले. तेव्हा ते श्रम व्यायामाच्या रूपाने वेगळे करणे प्राप्त झाले. पण व्यायामाला वाहकाच्या कामासारखी सक्ती नसते. नव्या वर्षी मोठ्या उत्साहाने सुरू केलेला व्यायाम दोनचार महिन्यांत बंद पडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. व्यायाम कोणता करावा यापेक्षा तो टिकावा कसा, हीच खरी अडचण आहे.

एका डॉक्टराचा उपाय

ऑक्सफर्डशायर परगण्यात सॉनिंग कॉमन नावाचे एक गाव आहे. तेथे विल्यम बर्ड हे डॉक्टर म्हणून काम करीत होते. रुग्णांना व्यायाम करा असे सांगून भागत नाही, हे त्यांना दिसत होते. प्रथम त्यांनी गावातील लोकांना गटागटाने चालण्यास प्रवृत्त केले. नंतर निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका जुन्या संस्थेशी त्यांनी हातमिळवणी केली. ही संस्था १९५९ साली ‘कॉन्झर्व्हेशन कोअर’ या नावाने सुरू झाली होती. सरे परगण्यातील बॉक्स हिल या टेकडीवर माजलेली झुडपे तोडून गवताळ जमीन मोकळी करणे, हे तिचे पहिले कार्य होते. डॉक्टर व संस्था यांच्या सहकार्यातून १९९८ साली ‘ग्रीन जिम’ म्हणजे हरित व्यायामशाळा उभी राहिली. तिला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते आणि यंत्रेही नव्हती. सभासद जमत, हातपाय मोकळे करण्याचे सोपे व्यायाम करीत, मग झुडपे तोडणे, रोपे लावणे, कुंपण घालणे, पायवाट दुरुस्त करणे असे काम करीत. मध्यंतरी चहा होई व गप्पा होत. शेवटी पुन्हा अंग सैल करण्याचे व्यायाम होत. प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे काम निवडावे, असा शिरस्ता होता. ज्याला कुदळ पेलत नाही त्याने बी पेरावे. ज्याला वाकता येत नाही त्याने उभ्याने छाटणी करावी.

धावत जावे, काम करावे, धावत यावे

ग्रीन जिममध्ये धावणे नव्हते. ती जोड दिली लंडनमधील ‘गुडजिम’ या संस्थेने. चित्रपटकार आयव्हो गॉर्मली यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस पूर्व लंडनमध्ये हा उपक्रम सुरू केला. व्यायामशाळांत माणसाची शक्ती वाया जाते, ती समाजाच्या कामी लावावी, हे त्यांचे सूत्र होते. आज हा उपक्रम ब्रिटनमधील अनेक शहरांत चालतो.

त्याची रीत अगदी साधी आहे. आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी धावणारे एका ठिकाणी जमतात. सोबत एक शिक्षक असतो. तो हातपाय मोकळे करण्याचे व्यायाम करून घेतो, वाट सांगतो आणि शेवटच्या माणसाला सोडून कोणी पुढे जाणार नाही याची काळजी घेतो. गट दोनतीन किलोमीटर धावत एखाद्या सार्वजनिक बागेत, शाळेत किंवा अन्नवाटप केंद्रात जातो. बागेत माती व खत वाहून नेणे, तण काढणे, वाफे खोदणे, रोपे लावणे अशी कामे साधारण अर्धा ते पाऊण तास केली जातात. मग गट पुन्हा धावत परत येतो. जे काम बागेतील तीनचार वृद्ध स्वयंसेवकांना कित्येक दिवस पुरले असते, ते वीस माणसांच्या हातांनी एका संध्याकाळी उरकते.

या उपक्रमाचे आणखी एक अंग आहे आणि त्यातच त्याचे मर्म आहे. काही धावणारे आठवड्यातून एकदा धावत जाऊन एखाद्या एकाकी वृद्धाची भेट घेतात. अशा भेटीपूर्वी धावणाऱ्याच्या पूर्वचारित्र्याची रीतसर तपासणी होते. भेटीस जाणारा त्या वृद्धाला ‘कोच’ म्हणजे प्रशिक्षक म्हणतो. हा शब्द विनोदाने योजलेला नाही. बाहेर पाऊस पडत असताना धावायला निघावे की नाही, असा विचार मनात आला, की आपली वाट पाहत बसलेली एक व्यक्ती डोळ्यांपुढे येते आणि पाय आपोआप बाहेर पडतात. वृद्धाला सोबत मिळते. परंतु धावणाऱ्याला नियमितपणा मिळतो, आणि तो देणारा वृद्ध असतो. लंडनच्या बसवाहकाला वरच्या मजल्यावरील उतारू जे देत होते, तेच येथे खिडकीशी बसलेली म्हातारी देते. उपकार कोणाचा कोणावर, हे सांगणे कठीण व्हावे अशी ही योजना आहे.

श्रमाचा हिशेब

आता या श्रमाचे मोजमाप करू. शांत बसलेल्या मनुष्याचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिला एक एकक मानण्याची पद्धत शरीरशास्त्रात आहे. या एककास ‘मेट’ असे म्हणतात. एक मेट म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे दर तासाला साधारण एक किलोकॅलरी होय. तीनपासून सहा मेटपर्यंतच्या श्रमास मध्यम व त्यापुढील श्रमास तीव्र म्हणतात. बागेतील सर्वसाधारण काम सुमारे चार मेटचे असते. खोदणे व खत भरणे सुमारे पाच मेटचे. आणि ताशी आठ किलोमीटर वेगाने धावणे सुमारे आठ मेटचे.

साठ किलो वजनाची एक व्यक्ती वीस मिनिटे धावत बागेत गेली, तेथे चाळीस मिनिटे तिने खोदकाम केले आणि वीस मिनिटे धावत ती परत आली, असे समजू. धावण्यात ६० × ८ × ४०/६० म्हणजे ३२० किलोकॅलरी व खोदण्यात ६० × ५ × ४०/६० म्हणजे २०० किलोकॅलरी, अशा एकूण ५२० किलोकॅलरी खर्च झाल्या. यांपैकी ८० किलोकॅलरी ती व्यक्ती स्वस्थ बसली असती तरीही खर्च झाल्याच असत्या. म्हणजे श्रमासाठी झालेला खर्च सुमारे ४४० किलोकॅलरींचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रम करावेत, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी हे प्रमाण दररोज सरासरी साठ मिनिटे आहे. तीव्र श्रमाचे एक मिनिट मध्यम श्रमाच्या दोन मिनिटांबरोबर धरतात. त्या हिशेबाने वरील एका संध्याकाळी ८० आणि ४० मिळून १२० मिनिटांचे पुण्य पदरी पडले. आठवड्यातून अशा दोन संध्याकाळी साधल्या तर गरज सहज भागते.

दोन्ही श्रम एकमेकांस पूरकही आहेत. धावण्याने हृदय व फुप्फुसे यांना काम पडते. प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायांवर येतो व त्यामुळे पायांची हाडे बळकट राहतात. परंतु दंड, खांदे व पाठ यांना त्यातून फारसा व्यायाम घडत नाही. उलट कुदळ चालविण्याने आणि घमेले उचलण्याने हेच स्नायू कामास लागतात. मात्र खुरपणीसारख्या हलक्या कामाने हृदयाची गती पुरेशी वाढत नाही. एकात जे उणे आहे ते दुसऱ्यात आहे.

धावणारा मनुष्य आणि खताचा ढीग

धावणारा मनुष्य आणि कंपोस्ट खताचा ढीग यांत काही साम्य असेल, अशी कल्पना सहसा कोणी करणार नाही. परंतु दोहोंत मूलतः एकच रासायनिक क्रिया चाललेली असते. धावणाऱ्याच्या स्नायूंत शर्करा व स्निग्ध पदार्थ यांचा प्राणवायूशी संयोग होतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व ऊर्जा निर्माण होते. या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून धावताना अंग तापते व घाम येतो. खताच्या ढिगातील सूक्ष्म जंतू पालापाचोळ्याचे असेच ज्वलन करतात. तेथेही प्राणवायू खर्च होतो, कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी निर्माण होते आणि उष्णता साठते. ढिगाला घाम येत नाही, म्हणून त्याचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. या उष्णतेने तणांचे बी व रोगजंतू बव्हंशी नष्ट होतात.

धावणाऱ्याला धाप लागते, तशी ढिगालाही लागते. आतील प्राणवायू संपला की ढीग गुदमरतो, दुर्गंधी येऊ लागते व कुजण्याची क्रिया मंदावते. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ढीग खालीवर करून त्यात हवा खेळविणे. बागेतील सर्व कामांत हे काम अवजड, आणि म्हणूनच ते नेहमी मागे पडते. येथे वीस ताज्या दमाच्या माणसांचा गट येऊन पोहोचला तर त्याचे मोल बागवानच जाणे.

या शास्त्राचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेचे प्रमुख होते. हिंदी शेतकऱ्यांच्या व चिनी शेतकऱ्यांच्या परंपरागत पद्धतींचा अभ्यास करून त्यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत सिद्ध केली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. यशवंत वाड हे त्यांचे या कामातील सहकारी होते. दोघांनी मिळून १९३१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचावेत, ओलावा राखावा आणि सुमारे तीन महिन्यांत तीन वेळा ढीग पालटावा, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. नत्राच्या एका भागास कर्बाचे पंचवीस ते तीस भाग असले म्हणजे ढीग चांगला कुजतो. वाळलेल्या पानांत कर्ब अधिक व शेणात, हिरव्या गवतात नत्र अधिक, एवढे ध्यानात ठेवले तरी नवशिक्याचे काम भागते.

एकट्याचे बळ आणि समूहाचे बळ

एकट्याने धावणे आणि गटाने धावणे यांत फरक आहे काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट याने १८९८ साली या प्रश्नाचा विचार केला. सायकलस्वार एकटे असताना कमी वेगाने जातात व सोबत कोणी असले की अधिक वेगाने जातात, हे त्याने शर्यतींच्या नोंदींवरून पाहिले. मग मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला लावून त्याने त्याची परीक्षा घेतली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील नौकाचालकांवरही एक प्रयोग झाला. व्यायामाच्या यंत्रावर तेवढेच वल्हविणे एकदा एकट्याने व एकदा गटाने करण्यात आले. श्रम सारखेच असूनही गटाने वल्हविल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची शक्ती अधिक वाढलेली आढळली. शरीरात निर्माण होणारी वेदनाशामक द्रव्ये एकत्र व एका तालात केलेल्या श्रमाने अधिक स्रवत असावीत, असा अर्थ संशोधकांनी लावला. जात्यावर बसणाऱ्या बायका, मोट हाकणारे शेतकरी व वल्ही मारणारे कोळी गात गात काम का करीत, याचे एक कारण येथे सापडते.

बागकामाच्या परिणामांचीही पद्धतशीर परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात २९१ प्रौढांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. यांपैकी काहींना सार्वजनिक बागेत वाफा देण्यात आला व काहींना पुढील वर्षापर्यंत थांबण्यास सांगण्यात आले. कोणाला वाफा मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरविले होते. ज्यांना वाफा मिळाला त्यांच्या आहारात चोथायुक्त अंश दररोज सुमारे १.४ ग्रॅमने वाढला, शारीरिक हालचाल आठवड्याला सुमारे चाळीस मिनिटांनी वाढली आणि मनावरील ताण व चिंता कमी झाली. हे आकडे लहान वाटतील. परंतु ते औषधाशिवाय मिळालेले आहेत, आणि सोबत भाजीही मिळाली आहे.

बागेची बाजू

येथवर लाभांचा विचार झाला. परंतु शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्याने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घाईने आलेला उत्साही गट बागेचे नुकसानही करू शकतो. तण व रोप यांतील भेद न कळल्यामुळे गाजराची कोवळी रोपे उपटली जातात. ओल्या वाफ्यावर वीस माणसांची पावले पडली की मातीतील पोकळ्या दबतात, हवा व पाणी यांची वाट बंद होते आणि मुळे खुंटतात. हे नुकसान भरून येण्यास पुढे कित्येक महिने लागतात. शिवाय बागेला हात हवे असतात ते पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे, धावणाऱ्यांच्या सोयीप्रमाणे नव्हे. उन्हाळ्यात पाणी रोजच घालावे लागते. आठवड्यातून एकदा येणारा गट ते करू शकत नाही.

यासाठी काही नियम उपयुक्त ठरतात. कोणते काम करायचे ते बागेची देखभाल करणाऱ्याने ठरवावे. गटाने आपली कल्पना लादू नये. गटाला खत वाहणे, ढीग पालटणे, खड्डे खणणे, पायवाटेवर माती टाकणे अशी अवजड पण चुकण्यास कमी वाव असलेली कामे द्यावीत. पेरणी, कलमे, छाटणी ही कामे जाणत्या हातांसाठी राखावीत. काम सुरू होण्यापूर्वी बागवानाने पाच मिनिटे समजावून सांगावे. वाफ्यांमधून चालण्याच्या वाटा आखलेल्या असाव्यात. आणि गेल्यावर हत्यारे धुऊन जागच्या जागी ठेवल्याखेरीज कोणी परतीची धाव सुरू करू नये.

शरीराची काळजी

ओझे उचलताना ते शरीराजवळ धरावे. पंधरा किलोचे घमेले कण्यापासून पन्नास सेंटिमीटरवर धरले, तर ते पंचवीस सेंटिमीटरवर धरले असता कमरेवर जो ताण येतो त्याच्या दुप्पट ताण येतो. तरफेचा हा साधा नियम आहे. कमरेत वाकण्याऐवजी गुडघे वाकवून खाली बसावे व पायांच्या जोरावर उठावे. ओझे उचललेले असताना अंगाला पीळ देऊ नये. धावून आल्यावर लगेच जड काम न करता चार मिनिटे चालावे.

मातीत व शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजकण असतात. म्हणून बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वातप्रतिबंधक लस वेळेवर घेतलेली असावी. जखम झाल्यास ती साबणाने स्वच्छ धुऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा. अनवाणी काम करू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात धावण्याची वेळ सूर्योदयापूर्वीची किंवा सूर्योदयाच्या सुमाराची ठेवावी आणि पाणी बरोबर असावे. हवा उष्ण व दमट असेल तर घाम वाळत नाही व शरीर थंड होत नाही. अशा दिवशी धावण्याऐवजी चालावे. हृदयविकार, दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे.

आपल्या देशात

आता आपल्याकडे वळू. अठरा वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे निम्मे लोक पुरेसे श्रम करीत नाहीत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात दिला आहे; २०२२ सालासाठी तो आकडा ४९.४ टक्के होता. याच देशात दुसरीकडे कोट्यवधी माणसे दिवसभर कुदळ चालवून पोट भरतात. त्यांना व्यायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टाच होय. त्यांना हवी आहे विश्रांती, पुरेसे अन्न व योग्य मजुरी. म्हणून या उपक्रमाचा आपल्याकडे विचार करताना एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. हौसेने केलेल्या श्रमदानामुळे कोणा माळ्याची किंवा मजुराची रोजी जाता कामा नये. जेथे मजुरीची तरतूद आहे तेथे मजुरी द्यावी. जेथे तरतूद नाही, म्हणून काम पडून आहे, तेथे श्रमदान करावे. बैठ्या माणसाने महिन्यातून चार वेळा घमेले उचलले तर रोज घमेले उचलणाऱ्याविषयीचा त्याचा आदर वाढेल, हा लाभ कोणत्याही मापाने मोजता येणार नाही.

श्रमाला प्रतिष्ठा देण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली, तिच्यात शेती व बागकाम यांना शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थान होते. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतून पोषणबागा लावण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळेच्या आवारात, गच्चीवर, अगदी डब्यांत व पोत्यांतही भाजी पिकवावी व ती मुलांच्या माध्यान्ह भोजनात यावी, असा त्यांचा आशय आहे. परंतु पोषणबाग लावणे जितके सोपे तितके ती सुट्टीत टिकविणे कठीण. शिक्षक गावी जातात, मुले पांगतात व बाग वाळून जाते. गावातील किंवा वस्तीतील धावणाऱ्यांच्या गटाने अशा बागेची सुट्टीतील जबाबदारी पाळीपाळीने घेतली, तर या योजनेतील एक मोठी उणीव भरून निघेल.

ज्या शाळांना किंवा ग्रंथालयांना हा प्रयोग करून पाहावासा वाटेल त्यांनी तो लहान प्रमाणावर सुरू करावा. दहाबारा जणांचा गट, एक ठरलेला वार व वेळ, एक ते दोन किलोमीटर अंतरावरील एक बाग आणि त्या बागेत एक जाणती व्यक्ती एवढे पुरे. ग्रंथालयाच्या फलकावर वेळ व ठिकाण लिहावे. जो सर्वांत हळू धावतो त्याच्या गतीने गटाने जावे. ज्यांना धावणे शक्य नाही त्यांनी चालत यावे. वस्तीत एखादी एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असेल तर, घरच्यांच्या व त्या व्यक्तीच्या संमतीने, पहिल्या मेथीची जुडी तिच्या घरी पोहोचवावी.

विद्यार्थ्यांनी सोबत एक वही ठेवावी. निघण्यापूर्वी, बागेत पोहोचताच आणि काम संपल्यावर प्रत्येकाने पंधरा सेकंद नाडीचे ठोके मोजून त्यांस चाराने गुणावे व ती संख्या लिहावी. किती घमेली खत वाहिले ते लिहावे. ढिगाच्या मध्यभागी लांब तापमापक घालून त्याचे तापमान नोंदवावे. ढीग पालटल्यानंतर ते पुन्हा चढते काय ते पाहावे. किती जण आले व कोण आले नाही हेही लिहावे. तीन महिन्यांनी या आकड्यांचे आलेख काढले म्हणजे तेवढ्याच अंतराच्या धावेनंतर नाडी पूर्वीपेक्षा कमी वाढते काय, आणि गटाची उपस्थिती टिकली की ओसरली, हे दिसून येईल. उपस्थिती टिकली असेल तर आपल्या गावापुरते या प्रयोगाचे उत्तर मिळाले. ती ओसरली असेल, तर दिवस बदलून, वेळ बदलून किंवा काम बदलून प्रयोग पुन्हा करावा. दरम्यान वाफ्यांना मात्र पाणी घालीत राहावे, कारण उत्तर मिळेपर्यंत थांबणे रोपांना शक्य नसते.